साखळीतला हात

आमच्या मंडळीत मी प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होते. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर एक तालुक्याचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका, आणि तिथल्याच पन्नासेक घरांच्या ख्रिस्ती मंडळीत लग्न होऊन आलेली सून. माहेर अमरावतीचं, मिशन कंपाउंडजवळचं. त्यामुळे सासरच्या मंडळीत मी जरा नाक वर करूनच वावरायचे.

गुरुवारी दुपारी चारला चर्चच्या मागच्या खोलीत बायकांची सभा भरायची. दोन गाणी, शास्त्रातला एखादा उतारा, मग प्रार्थनाविषय. कुणाच्या सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची बारावी, कुणाच्या बदलीचा अर्ज. शेवटी साखळी प्रार्थना. सतरंजीवर गोल बसायचं, दोन्हीकडच्या शेजारणींचे हात धरायचे, आणि एकीची प्रार्थना संपली की तिच्या पुढचीनं सुरू करायची. जिला मोठ्यानं बोलायचं नसेल तिनं पुढच्या शेजारणीचा हात दाबायचा. म्हणजे माझा नंबर तुला दिला, माझ्या वाटचंही तूच माग. नव्या सुना हात दाबायच्या, लाजऱ्या म्हाताऱ्या दाबायच्या, नवऱ्याशी भांडून आलेल्या बायाही दाबायच्या. मी कधीच दाबला नाही. उलट माझ्या अलीकडचीनं दाबला की मला बरंच वाटायचं. दोन बायकांची प्रार्थना एकटीनं करायला मिळायची.

माझी एक वही होती. हजेरीपटासारख्या रेघा मारलेली. डावीकडे तारीख, मध्ये विषय, आणि उत्तर मिळालं की उजवीकडे बरोबरची खूण. पाळकसाहेब आत्मिक वाढीवर उपदेश करायला लागले की मी मनातल्या मनात ती वही चाळायचे आणि माझी वाढ ठीक चालली आहे असं ठरवून टाकायचे. शाळेत मी मुलांना वाटीत हरभरा पेरायला लावायचे. दरवर्षी एखादी तरी मुलगी रोज माती उकरून मोड किती आला ते बघायची, आणि नेमका तिचाच हरभरा कुजायचा. तिला मी रागवायचे. वहीकडे बघून मला स्वतःचा राग कधी आला नाही. माझे मिस्टर एकदा म्हणाले होते, "तुह्या प्रार्थनेत देवाले मंधात बोलाले जागाच नसते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती. मंडळीत शेती असलेली घरं चार-दोनच. बाकी मास्तर, नर्स, कंपाउंडर, एसटीचे ड्रायव्हर. तरी ते दिवस आमच्या दाराबाहेर थांबले नाहीत. वर्गात एखादं मूल गैरहजर असलं तर "कावून नाही आली रे ती?" असं मोठ्यानं विचारायची सवय मी सोडून दिली होती, कारण दोनदा त्याचं उत्तर ऐकून अख्खा वर्ग गप्प झाला होता.

मंडळीतले एक भाऊ गावातल्या कृषी केंद्राच्या काउंटरवर वीस वर्षं होते. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं त्यांच्या हातून जायचं. आमच्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. शेतकरी पिशवीतून किडकं पान आणायचे. भाऊ ते उजेडात धरून उलटंपालटं करून बघायचे आणि सांगायचे, "हे तुडतुडे होत. याले ते नोको मारू, हे मार." लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. चर्चमध्ये ते पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसत, आणि त्यांची बायको बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाई.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरतं आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं तुकडा उचलायचा असतो. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी भाऊंनी ताट आलं तसंच पुढं दिलं. ऑक्टोबरमध्येही तेच. मी पाहिलं. सगळ्यांनी डोळे मिटून बसायच्या वेळी मी काय पाहत होते, हे कुणी विचारू नये.

नोव्हेंबरात एका शनिवारी शाळा अर्धी सुटली होती. मी घरी मेथी निवडत बसले होते आणि वहिनी आली. बसली, दोन जुड्या माझ्याबरोबर निवडल्या, आणि मान वर न करता सांगायला लागली. ऑगस्टच्या शेवटी जवळच्या खेड्यातला एक ओळखीचा शेतकरी सकाळी दुकानात आला होता. भाऊंशी हसला-बोलला, फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन गेला. संध्याकाळी तीच बाटली प्यायला.

"तवापासून आमच्या यायचं जेवनावर ध्यान नायी," वहिनी म्हणाली. "हात धुते, पुन्ना धुते. म्हनते, या हातानं देल्ली मी बाटली. याच हातानं प्रभूचं भोजन कसं उचलू?"

"पाळकसाहेबांले सांगतलं का?"

"कोनालेच सांगतलं नायी. तुमाले सांगून राहिली, कावून का तुमी चांगली प्रार्थना करता. पन एकट्यानं करा, बाई. सभेत नका आनू. यायले समजलं तर हे मंग घरातही तोंड उघडनार नायी."

मी तिचा हात धरून शब्द दिला. जाताना तिला डबाभर पाटवडीची भाजी दिली. ती फाटकाबाहेर पडली आणि मी वही उघडून नवी ओळ लिहिली.

पुढच्या गुरुवारी वहिनी सभेला नव्हती. अमरावतीला बहिणीकडे गेली होती. साखळी सुरू झाली. माझ्या अलीकडे गावात नुकतीच बदलून आलेली एक नर्स बसली होती. तिनं अशी प्रार्थना केली, अशी केली, की दोघी-तिघींनी पदरानं डोळे पुसले. माझा नंबर आला तेव्हा खोली भिजलेली होती आणि माझ्याकडे सगळे विषय कोरडे: मोतीबिंदू, बारावी, बदली. मला ते सहन झालं नाही. मी मोतीबिंदूपासून सुरुवात केली आणि मग माझ्या तोंडून निघालं, "हे दयाळू पित्या, आमच्यातल्या त्या भावाची आठवण कर, ज्याच्या हातून मरणाची बाटली दिली गेली, आणि जो आज तुझ्या मेजापासून दूर उभा आहे." आणि तिथून पुढे दहा मिनिटं.

नाव मी घेतलं नाही. हे मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं, की नाव तर घेतलं नव्हतं. पन्नास घरांच्या मंडळीत औषध विकणारा माणूस एकच होता, हे तिथल्या प्रत्येक बाईला माझ्याइतकंच माहीत होतं. आमेन झालं तेव्हा चौघी-पाच जणी रडत होत्या. प्रार्थना फार चांगली झाली असं मला वाटलं. शब्द मोडला ते वाईटच, पण मोडल्यावर बरं वाटलं ते त्याहून वाईट.

आमच्या लोकांत चुगली कुणी करत नाही. विषय सांगतात. "त्या भाऊसाठी प्रार्थना करा बरं का," असं म्हणत ती गोष्ट शुक्रवार दुपारपर्यंत घरोघर पोचली. संध्याकाळी दोघी जणी पेरू घेऊन भाऊंना धीर द्यायला गेल्या. शनिवारी मंडळीच्या कारभारात पाळकसाहेबांना मदत करणारे एक डिकन, रिटायर्ड पोस्टमास्तर, थेट दुकानात गेले. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी होती, काउंटरला रांग लागलेली. डिकनसाहेबांनी काउंटरवरून हात लांबवून भाऊंच्या डोक्यावर ठेवला, डोळे मिटले आणि या तुझ्या लेकराला क्षमा कर म्हणून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. रांगेतले शेतकरी ऐकत उभे राहिले. भाऊंनी तो हात हलकेच बाजूला केला, चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि घरी निघून गेले. मग ते दुकानात गेले नाहीत आणि रविवारी चर्चलाही आले नाहीत.

सोमवारी वहिनी माझा डबा द्यायला आली. आमच्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही. घरात काही नसलं तर दोन हिरव्या मिरच्या टाकतात, चिमूटभर साखर टाकतात. तो डबा घासून लख्ख केलेला आणि रिकामा होता. तिनं तो ओट्यावर ठेवला, "तुमचा डबा," एवढंच म्हणाली, आणि चप्पलही न काढता परत गेली.

मला रडू आलं नाही, भीती वाटली. आधीच खचलेल्या माणसाला मी भर रांगेत उभं केलं होतं, आणि खचलेल्या माणसाचं त्या दिवसांत आमच्याकडे काय होऊ शकतं हे काही मला कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या गल्लीकडून कुणी जोरात हाक मारली तरी मी हातातलं काम टाकून दारात यायचे. प्रार्थनेला बसले तर एक शब्द सुचायचा नाही. जिची दहा-दहा मिनिटं चालायची, तिची गाडी "हे प्रभू"च्या पुढं सरकेना.

शेवटी मी अमरावतीला आत्याकडे गेले. ती माझी सख्खी आत्या नव्हे. कंपाउंडातले सगळेच तिला आत्या म्हणायचे. मिशनच्या काळात घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम तिनं चाळीस वर्षं केलं होतं. कधी परतवाड्याकडे, कधी धारणीच्या बाजूला कोरकू आदिवासींच्या वस्त्यांत. आता एका खोलीत एकटीच राहायची. मला लहानपणी प्रार्थना करायला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळे माझी अर्धी चूक तिच्या खात्यावर टाकता येईल अशीही एक आशा होती.

ती सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. नाव घेतलं नव्हतं, हेही सांगितलं. तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"वही आनली का?" तिनं विचारलं.

मी पिशवीतून काढून दिली. तिनं उघडलीसुद्धा नाही, मांडीखाली सारली.

"आता आयक. एक वर्ष सभेत तोंड उघडाचं नायी. तुहा नंबर आला का हात दाबाचा आन् पुढं जाऊ द्याचं."

"एक वर्ष? लोक काय म्हनतील?"

"तेच तर म्हनून राहिली मी," आत्या म्हणाली.

मग मी विचारलं की वहिनीकडे जाऊन माफी मागू का. ती म्हणाली, "माग. पन एकदाच. रोज मागशीन तर ते बिचारी तुलेच समजावत बसन." मग सांगितलं की घरभेटीला गेली की ती आधी पुस्तक उघडत नसे. घरातली बाई जे काम करत असेल त्याला हात लावायची. कुणी कापूस वेचून आणलेला असे, कुणी ज्वारी निवडत असे, कुणाचं सारवण चालू असे. "हात कामात असले म्हंजे मानूस बोलते. आन् आपुन आयकतो ते हातातच राहाते, तोंडात येत नायी. तुहे हात रिकामे होते, पोरी. म्हनून तुहं तोंड भरलं."

ती मला जवळ घेईल असं वाटलं होतं. तिनं अर्धं सूप माझ्यापुढं केलं. बसची वेळ होईपर्यंत आम्ही डाळ निवडली.

पुढच्या शनिवारी मी भाऊंच्या घरी गेले. वहिनी दारातच उभी राहिली. "आता काय पाह्याले आल्या?" तिनं विचारलं. माझं चुकलं, एवढं मी म्हणाले. मग मी म्हणाले, "वहिनी, काही काम असंन तर सांगा." मला वाटतं, माझ्यावरच्या रागानंच तिनं मला आत घेतलं आणि घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम दिलं: अर्धं पोतं ज्वारी निवडायची. मागच्या अंगणात भाऊ बाजेवर बसलेले होते. दाढी वाढलेली, हात मांडीखाली दाबून धरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी दर शनिवारी जायला लागले. ज्वारी झाली, तूर झाली. नाताळाआधी घराला चुना मारला. जानेवारीत वहिनी "बसा" म्हणायला लागली. फेब्रुवारीत तिनं चहा दिला, साखर कमी घातलेला, पण दिला. आम्ही विशेष बोलत नव्हतो. गुरुवारच्या सभेत ती आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची, आणि माझा नंबर आला की मी शेजारणीचा हात दाबायचे. पहिल्या दिवशी ती शेजारीण इतकी दचकली की तिलाही काही सुचलं नाही, तिनंही पुढचीचा दाबला. साखळी तशीच मुक्यानं अर्ध्या खोलीत फिरली. बायांनी मागून विचारपूस केली. बाईचा घसा बसला आहे, असं कुणीतरी ठरवलं. बाईच्या विश्वासालाच काहीतरी झालं आहे, असंही कुणीतरी ठरवलं, आणि माझ्यासाठी विषय सांगितला गेला. "आमच्या एका बहिणीची आठवण कर, प्रभू." नाव घेतलं नाही. मी डोळे मिटून ऐकलं आणि वहिनीला काय वाटलं असेल ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

त्या गप्प बसण्यात सुरुवातीला देव वगैरे काही नव्हता, नुसती चरफड होती. दुसरीची प्रार्थना ऐकताना मी मनात तिचे शब्द दुरुस्त करायचे. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. मोतीबिंदूवाल्या सासऱ्याची सून खरं तर घाबरलेली होती. बारावीच्या मुलीची आई मुलीशी बोलत नव्हती. वर्षानुवर्षं मी त्यांच्या शेजारी बसून फक्त माझा नंबर कधी येतो ते बघत आले होते.

मार्चमधला एक शनिवार होता. वहिनी आणि मी मागच्या अंगणात चिंचा फोडत बसलो होतो. भाऊ बाजेवर. मध्येच ते बोलायला लागले, आमच्याकडे न बघता, समोरच्या कुंपणाला सांगितल्यासारखे. पुढं जे लिहिते आहे ते भाऊंनी नंतर स्वतः मंडळीत उभं राहून साक्ष म्हणून सांगितलं, आणि हे लिहायला बसण्याआधी मी त्यांना आणि वहिनीला विचारून घेतलं आहे. तसं नसतं तर ही पानं कोरी राहिली असती.

"त्यानं माप इचारलं नायी," भाऊ म्हणाले.

चिंच फोडणारे आमचे हात थांबले. वहिनीनं मला डोळ्यानं खुणावलं आणि आम्ही पुन्हा फोडायला लागलो.

"औषध घेनारा हरेक मानूस इचारते, एका पंपाले किती टोपनं टाकू? वीस वर्सांत असा एक मानूस नायी जो इचारल्याबिगर गेला. त्यानं इचारलं नायी. माह्या ध्यानात आलं ते. आलं, बरं. पन मागं रांग होती. म्या म्हटलं, जाऊ दे, याले माईत असंन. आन् पुढच्याले बोलावलं."

म्हणजे हाताचं दुःख नव्हतंच. इतके महिने वहिनीलाही वाटत होतं की बाटली आपल्या हातून गेली हेच त्यांना खातं आहे. त्यांना खात होतं ते दुसरंच: दिसलं होतं, आणि सोडून दिलं होतं.

माझ्या जिभेवर शब्दांची रांग उभी राहिली. क्षमेवरची वचनं, कृपेवरची वचनं, धीराचं एक गाणं, सगळं मला तोंडपाठ. आयुष्यात कधी बोलायची इतकी घाई झाली नव्हती. मी चिंचोका काढला, टोपलीत टाकला. दुसरी चिंच घेतली. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं, पण तोंड उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी काई बोल्ल्या नायी, बाई."

"मले काई बोलता येत नायी, भाऊ," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. मग बाजेवरून उतरले, आमच्याजवळ जमिनीवर बसले आणि चिंचेच्या ढिगाला हात घातला. वहिनी उठून घरात गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि भाऊ आणि मी खाली मान घालून चिंचा फोडत राहिलो. घरी येऊन मी मिस्टरांनाही काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, डोळे का सुजले. म्हटलं, चिंचेची धूळ गेली.

एप्रिलमध्ये भाऊ दुकानात परत गेले. मालक मुसलमान, वडिलांपासूनचं दुकान चालवणारा. त्यानं ती जागा भरलीच नव्हती. भाऊंचा चष्मा गल्ल्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. "काउंटर कहीं भागता नहीं," एवढंच तो म्हणाला. हंगाम सुरू झाला तसा भाऊंनी काउंटरवर स्वतःचा एक नियम केला. औषध मागणाऱ्याला आता आधी तेच विचारायचे: कोनत्या पिकाले, किती एकराले, किती पंप? जो माप विचारणार नाही, ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याला काउंटरच्या आत स्टुलावर बसवायचे आणि चहा मागवायचे. मागं रांग कितीही असो. रांग ओरडायची, आणि मालक रांगेवर ओरडायचा.

जुलैमध्ये असाच एक जण स्टुलावर बसला. दोन तास बसला, दोन वेळा चहा प्याला, आणि मग बोलायला लागला. भाऊ त्याच्याबरोबर एसटीनं त्याच्या गावापर्यंत गेले, त्याला त्याच्या भावाच्या हवाली करून शेवटच्या गाडीनं परत आले. औषधाची बाटली काउंटरवरच राहिली होती. हिवाळ्यात तो माणूस दुकानात हुरडा घेऊन आला, आणि पंपाला किती टोपणं ते विचारून गेला. हे सगळ्यांच्या बाबतीत झालं असं नाही. त्या वर्षीही आजूबाजूच्या गावांतून नको त्या बातम्या येतच राहिल्या. भाऊ त्या ऐकून एक-एक दिवस जेवत नसत. पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर असत.

चर्चला मात्र ते येत नव्हते. वहिनी एकटी यायची. पावसाळ्यात कधीतरी ती बाकावर पुन्हा माझ्या शेजारी बसायला लागली होती. मी पुढं काही विचारलं नाही. प्रभुभोजनाचं ताट तिसऱ्या बाकावरून फिरायचं आणि त्यांच्या रिकाम्या जागेवरून पुढं जायचं. दर महिन्याला मी ते पाहायचे आणि ती जागा माझ्यामुळे रिकामी आहे हे मला माहीत असायचं. माझ्या त्या प्रार्थनेआधी निदान ते तिथं बसून ताट पुढं तरी देत होते.

नोव्हेंबर आला. वर्ष भरलं, तसं आत्याकडे जाऊन मी वही परत मागितली. ती म्हणाली, "ते? ते त दुसऱ्याच दिवशी चुलीत घातली. लोकाईचे घरं होते तिच्यात." मला राग यायला हवा होता. मी चहा ठेवला आणि तिच्या चुलीजवळ बसून तिची मेथी निवडली.

डिसेंबरचा पहिला रविवार. उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं आणि भाऊ आत आले. दाढी केलेली, धुतलेला पांढरा सदरा. तिसऱ्या बाकावर आपल्या जागी जाऊन बसले. चर्चमधल्या सगळ्या माना वळायच्या बेतात होत्या, पण वळल्या नाहीत. आमच्या मंडळीचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. वर्षभरात शिकलेली काही मी एकटीच नव्हते.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट फिरवायला उठले ते तेच डिकन, पोस्टमास्तर. पहिला बाक झाला, दुसरा झाला. तिसऱ्या बाकापाशी त्यांची चाल मंदावली. भाऊंनी ताट हातात घेतलं. ते पुढं दिलं नाही आणि तुकडाही उचलला नाही. नुसतं धरून बसले. डिकनसाहेब त्यांच्यासमोर उभे होते. त्यांनी हात पुढं केला नाही, डोळे मिटले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. खाली मान घालून ते थांबले, जितका वेळ लागेल तितका.

तेवढ्यात माझ्या हातावर हात आला. वहिनीचा. घामानं ओला होता. तिनं माझा हात धरला आणि दाबला.

गुरुवारच्या साखळीत दाबतात तसा. माझ्या तोंडून शब्द निघत नाही, माझ्या वाटचंही तूच माग. ज्या बाईनं मला एकदा सांगितलं होतं आणि मी ते गावभर केलं होतं, तिनंच आपला नंबर पुन्हा माझ्याकडे दिला होता. माझा विश्वास वाढला की नाही हे मला सांगता येत नाही, मोजायला वही उरली नव्हती. पण माझ्यावर कुणाचा विश्वास परत बसला तो क्षण मला ठाऊक आहे.

मी डोळे मिटले आणि तोंड मिटूनच मागितलं. डोळे उघडले तेव्हा भाऊंचा हात ताटावरून उचललेला होता आणि तुकडा त्यांच्या बोटांत होता. काय मागितलं ते मी वहिनीलाही सांगितलं नाही.